आमच्या रानातल्या वनस्पती आणि बुरशी: वनस्पतीशास्त्र विभागाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न आम्ही बसून रचलेले नाहीत. नागपंचमीच्या आसपास सात्यांचे (वारुळावरच्या अळंब्यांचे), होळीला पळसाचे, बहाराच्या दिवसांत संत्र्याचे, असे ते हंगामाप्रमाणे येतात आणि दरवर्षी तेच येतात. विचारणाऱ्यांची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. एका ठिकाणी सांगितलेलं दुसरीकडे परत सांगितलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. घरात कुणी रानातली छत्री, म्हणजे अळंबी, खाऊन आजारी असेल तर बाकी काही वाचू नका, थेट प्रश्न ७ वर जा.

१. सर, तुमच्या विभागात नेमकं चालतं काय? झाडं मोजता का?

मोजतो, पण ते काम थोडं. मुख्य काम नोंदीचं. कोणती वनस्पती किंवा बुरशी, कोणत्या गावच्या शिवारात, कोणत्या महिन्यात, कशावर उगवलेली, आणि तिथले लोक तिला काय म्हणतात. वाळवून कागदावर शिवलेला नमुना हा त्या नोंदीचा पुरावा. नमुना नसेल तर नोंद म्हणजे नुसती ऐकीव गोष्ट.

विदर्भ नकाशावर एक दिसतो, रानात तसा नाही. बुलढाणा-अकोल्याकडे काळी जमीन, पऱ्हाटी, धुऱ्यावर (बांधावर) बाभळी. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे सरकलं की पाऊस वाढतो, धानाच्या बांध्या आणि बोड्या (लहान तळी) लागतात, जंगल दाट होतं. उत्तरेला मेळघाटाचा डोंगर वेगळाच. पूर्वेकडच्या बांधीत पाणी साचलं की युट्रिक्युलारिया नावाची बोटभर उंचीची, नाजूक फुलांची वनस्पती उगवते. तिच्या पाण्यातल्या बारीक फुग्यांत सूक्ष्म जीव अडकतात आणि ती ते पचवते. निंदणात ती उपटून फेकली जाते, कुणाचं लक्षही जात नाही. अशा दुर्लक्षित गोष्टींकडे बघणं हे आमचं काम आहे, असं समजा.

२. बुरशी ही वनस्पती नाही असं पुस्तकात आहे. मग ती तुमच्या विभागात कशी?

सवयीने. पूर्वी जे हलत नाही ते सगळं वनस्पतीत ढकलत. १९६९ साली व्हिटेकरने सजीवांची पाच सृष्टींत मांडणी केली आणि बुरशीला स्वतंत्र घर दिलं. बुरशीत हरितद्रव्य नसतं, ती स्वतःचं अन्न तयार करत नाही, आणि तिच्या पेशीभित्तिकेत कायटिन असतं, जे किड्यांच्या कवचातही असतं. नात्याने ती झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची आहे. पण विद्यापीठांतले विभाग पाडले गेले तेव्हा ती आमच्या वाट्याला आली, आणि आम्हीही तिला सोडलेलं नाही.

३. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला तर झाडाचं नाव सांगाल का?

बऱ्याचदा सांगता येतं, पण फोटो नीट हवा. आम्हाला येणाऱ्या फोटोंत सगळ्यात स्पष्ट दिसतो तो माणसाचा अंगठा. एका झाडाचे पाच फोटो काढा: पूर्ण झाड दुरून, साल, पान वरून, पान खालून, आणि फूल किंवा फळ. पानं देठावर समोरासमोर आहेत की एकाआड एक, हे दिसलं पाहिजे. नुसत्या एका पानावरून नाव मागणं म्हणजे नखावरून माणूस ओळखायला सांगणं.

छत्रीच्या बाबतीत वरचा फोटो सगळ्यात कमी कामाचा. खालच्या पडद्या, देठावरचं कडं, आणि मातीतून हळूच उकरून काढलेलं बूड, हे तिन्ही हवं. देठ मोडून आणलेल्या छत्रीचा अर्धा पुरावा मातीतच राहतो. का, ते प्रश्न ६ मध्ये आहे. आणि एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो: फोटोवरून आम्ही नाव सुचवू, खायला हो म्हणणार नाही. कितीही ओळख काढली तरी नाही.

४. नमुना पाठवायचा असेल तर कसा?

फुलासकट किंवा फळासकट वीतभर फांदी जुन्या वर्तमानपत्रात पसरून ठेवा, वर जड काहीतरी ठेवा, आणि पहिले चार दिवस रोज कागद बदला. पावसाळ्यात कागद बदलायचा कंटाळा केला की नमुन्यावर बुरशी येते, आणि मग आम्हाला भलतीच वस्तू मिळते.

छत्री कधीही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका. दोन तासांत तिचं पाणी होतं. कागदात गुंडाळा, आणि आणायला उशीर लागणार असेल तर सावलीत, वाऱ्यावर वाळवा. जमलं तर बीजाणूंचा ठसा घ्या: टोपी देठापासून कापून अर्धी पांढऱ्या आणि अर्धी काळ्या कागदावर येईल अशी पालथी ठेवा, वर वाटी झाका, रात्रभर राहू द्या. सकाळी कागदावर पडलेल्या भुकटीचा रंग आम्हाला दहा फोटोंपेक्षा जास्त सांगतो.

सोबत चिठ्ठी हवीच: गाव, तारीख, जागा म्हणजे वावर, बोडीचा काठ, वारूळ किंवा कोणत्या झाडाचं लाकूड, आणि तुमच्या घरी तिला काय म्हणतात ते नाव. चिठ्ठी नसलेला सुंदर नमुना आम्ही ठेवत नाही. चिठ्ठी असलेला फाटका ठेवतो.

५. सात्या खऱ्या कशा ओळखायच्या? बाजारात विकायला येतात त्या सुरक्षित असतात का?

सात्या, काही गावांत टेकोडे, म्हणजे वारुळावर किंवा वारूळ गाडलं गेलेल्या जागेवर उगवणाऱ्या छत्र्या. शास्त्रीय नाव टर्मिटोमायसिस, आणि ही एक जात नाही, पूर्ण कुळी आहे. वारुळात उधई (वाळवी) चावलेल्या पाल्यापाचोळ्याची आणि लाकडाची स्पंजासारखी पोळी रचते, त्यावर ही बुरशी वाढवते आणि तीच खाते. उधईला लाकडातला कठीण भाग एकटीला पचत नाही, तो बुरशी पचवून देते. शेती माणसाने शोधली असं आपण म्हणतो, पण उधईची शेती कोट्यवधी वर्षं जुनी आहे. पावसाने जमीन भिजली की त्या पोळ्यातून देठ वर येतो.

म्हणून पहिली खूण मातीखाली आहे. सात्याचा देठ जमिनीत मुळासारखा लांब, निमुळता होत पोळ्यापर्यंत जातो. दुसरी, टोपीच्या मध्यावर टोकदार उंचवटा असतो, माती फोडायला. तिसरी, बीजाणूंचा ठसा फिक्या गुलाबी छटेचा पडतो. पण अपवाद आहेत. टर्मिटोमायसिस मायक्रोकार्पस ही नखाएवढी बारीक जात शेकड्याने उगवते आणि तिला लांब मूळ नसतं, कारण ती उधईने बाहेर आणून टाकलेल्या पोळ्याच्या चुऱ्यावर येते. देठावर कडं असलं की विषारी, असंही सरसकट नाही. १९७९ साली भारतातून नोंदवलेल्या टर्मिटोमायसिस हेमीला जाड कडं असतं आणि ती खाल्ली जाते.

घोटाळा होतो तो बहुधा क्लोरोफायलम मॉलिब्डाइटीस या छत्रीशी. ती गवताळ जागी, गोठ्याजवळ, शाळेच्या मैदानात उगवते. पांढरी, वर तपकिरी खवले, दिसायला भरदार. कोवळी असताना पडद्या पांढऱ्या, नंतर हिरवट, आणि ठसा हिरवा. हिरवा ठसा दिसला की विषय संपला.

बाजाराचं म्हणाल तर, वर्षानुवर्षं त्याच वारुळावरून गोळा करणारी बाई आमच्यापेक्षा जास्त जाणते, हे मी अनुभवाने सांगतो. एका आठवडी बाजारात मी मोठ्या थाटात एका टोपलीत दोन जाती असल्याचं सांगितलं. टोपलीवाल्या आजीने तीन वेगळ्या केल्या, आणि तिसरी कोणत्या नक्षत्रात येते तेही सांगितलं. घरी आणून पाहिलं, आजीचं बरोबर होतं. अडचण येते ती मधल्या माणसामुळे. दहा जणांकडून घेऊन एकत्र विकणाऱ्याला कोणती छत्री कुठली, हे माहीत नसतं.

६. चांदीचं नाणं टाकून, हळद लावून, तांदूळ घालून विषारी छत्री ओळखतात. खरं का?

नाही. यातली एकही परीक्षा खरी नाही, आणि या परीक्षांवर भरवसा ठेवून माणसं मेली आहेत.

चांदी गंधकामुळे काळी पडते. उकडलेल्या अंड्यानेही पडते, म्हणून कुणी अंडं टाकून देत नाही. अमॅनिटा कुळीतल्या घातक छत्र्यांमधलं विष चांदीला, हळदीला, तांदळाला काहीच करत नाही. किड्यांनी खाल्ली म्हणजे चालते, हेही फसवं. गोगलगायी आणि अळ्या त्या खुशाल खातात, त्यांचं शरीर वेगळं. लाकडावर उगवलेली बिनधोक, असंही ऐकायला मिळतं, पण गॅलेरिना लाकडावरच उगवते आणि तिच्यातही तेच विष असतं. पांढरी ती चांगली, म्हणावं तर सर्वांत घातक छत्र्यांपैकी काही दुधासारख्या पांढऱ्या आहेत. उकळून पाणी फेकलं तरी हे विष जात नाही. वाळवल्यानेही नाही. आणि चवीवर तर अजिबात जाऊ नका, त्या चवीला वाईट लागत नाहीत.

अमॅनिटाची मोठी खूण म्हणजे बुडाशी असलेली पिशवी किंवा वाटी. ती मातीत दडलेली असते. देठ वरून मोडला की ओळखीचा पुरावाच जमिनीत राहतो. म्हणून प्रश्न ३ मध्ये बुडासकट काढायला सांगितलं आहे.

लोक मग विचारतात की एखादी खात्रीची सोपी खूण सांगाच. अशी एक खूण जगात कुणाकडेच नाही. जात ओळखणं हाच एकमेव मार्ग. ज्या जातीशी तुमच्या घरची पिढ्यांची ओळख आहे, त्याच जागेवरची तीच खावी. दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला गेलेल्यांनी तिथली, आपल्याकडच्यासारखी दिसते म्हणून, खाऊ नये.

७. छत्री खाल्ली आणि उलट्या-जुलाब सुरू झाले. आता काय?

ताबडतोब दवाखाना. १०८ ला फोन करा. उरलेली भाजी, कच्चे तुकडे, सालपटं कागदात घेऊन जा. उलटी मुद्दाम करवू नका, ताक-लिंबू-तूप देत वेळ घालवू नका. ज्यांनी ज्यांनी ती भाजी खाल्ली त्या सगळ्यांना न्या, त्रास होत नसला तरी.

डॉक्टरांना खाल्ल्याची वेळ आणि त्रास सुरू झाल्याची वेळ सांगा. तीन तासांच्या आत उलट्या झाल्या तर बहुधा पोट बिघडवणारी छत्री असते, मात्र हे ठरवणं डॉक्टरांचं काम. सहा तासांनंतर किंवा दुसऱ्या सकाळी सुरू झाल्या तर धोका फार मोठा, कारण अमॅनिटाचं विष असंच उशिरा उठतं. त्यात आणखी एक फसवणूक आहे: दुसऱ्या दिवशी बरं वाटतं, माणूस घरी परत आणतात, आणि आत यकृत निकामी होत असतं. बरं वाटलं तरी दवाखान्यातून आणू नका.

८. सात्यांना एवढा भाव आहे, तर लागवड करता येईल का?

नाही. पोळं, उधई आणि बुरशी यांचं त्रिकूट प्रयोगशाळेत जमवून छत्री उगवणं अजून कुणाला व्यावसायिकरीत्या साधलेलं नाही. सात्याचं बियाणं विकतो म्हणणारा दिसला तर पैसे खिशातच ठेवा. करायचीच असेल तर धिंगरी (ऑयस्टर अळंबी) करा, ती सोयाबीनच्या कुटारावर किंवा धानाच्या तणसावर येते. सात्यांसाठी एवढंच करा की धुऱ्यावरची वारुळं फोडू नका.

९. आम्ही तरोटा म्हणतो, पुस्तकात टाकळा, तुम्ही तिसरंच काही म्हणता. खरं नाव कोणतं?

तिन्ही खरी. तरोटा आपलं, टाकळा पश्चिम महाराष्ट्रातलं, आणि सेना टोरा जगभरच्या अभ्यासकांचं. तसंच येन आणि ऐन, झाड एकच. शास्त्रीय नावाचा उपयोग एवढाच की भामरागडचा माणूस आणि ब्राझीलचा माणूस एकाच झाडाबद्दल बोलतायत याची खात्री पटते.

पण शास्त्रीय नाव कायमचं असतं, हा समज चुकीचा. तरोटा आधी कॅसिया होता. बाभूळ आणि खैर दोन्ही अकेशिया होते. २००५ साली व्हिएन्नाच्या परिषदेत अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे गेलं, २०११ साली मेलबर्नमध्ये त्यावर पुन्हा शिक्कामोर्तब झालं, आणि आपली बाभूळ वॅचेलिया झाली. ज्या बाभळीखाली आमच्या पिढ्या बसल्या तिचं नाव दूरदेशी मतदानाने बदललं, याचं मला अजूनही थोडं वाईट वाटतं. गावचं नाव त्या मानाने चिवट. म्हणून आमच्या चिठ्ठीत तुमचं नाव आधी आणि लॅटिन नंतर.

१०. आमच्या शिवारात पांढरा पळस आहे. किंमत किती मिळेल? खाली धन असतं म्हणतात.

धन नसतं. किंमतही नाही. आणि तो कुठे आहे हे आम्हालासुद्धा फोनवर सांगू नका.

पळसाचा केशरी रंग ब्युट्रिन, आयसोब्युट्रिन अशा रंगद्रव्यांमुळे येतो. होळीला फुलं उकळून जो रंग निघतो तो त्यांचाच. ही द्रव्यं पेशीत टप्प्याटप्प्याने तयार होतात. त्यातला एखादा टप्पा आनुवंशिक बदलाने बंद पडला की फूल फिकं होतं. पिवळा पळस त्यामुळेच, आणि त्याला ल्युटिया हा उपप्रकार म्हणून नाव आहे. पांढरा त्याहून दुर्मीळ. झाड तेच, जात तीच.

पिवळा पळस आम्हाला विदर्भात पाहायला मिळतो. पांढऱ्याचे म्हणून येणारे बहुतेक फोटो फिक्या पिवळ्याचेच निघतात, पहाटेच्या उजेडात ते पांढरे वाटतात. दुपारी पुन्हा बघा. फूल खरंच पांढरं असेल तर झाडाचं दुर्दैव. साल, मूळ, फांदी यांत काही सिद्धी असते असं सांगत माणसं रात्री येतात, सोलून नेतात, आणि दोन उन्हाळ्यांत झाड वाळतं. दहीपळसाचंही तेच झालंय, नावात पळस असला तरी तो वेगळ्याच कुळातला, भोकराच्या जवळचा. त्याच्या सालीच्या इतक्या कथा पसरल्या की रानात न सोललेला दहीपळस पाहायला मिळणं कठीण झालं आहे.

बी लावून पांढरा पळस मिळेल का? भरवसा नाही. शिंजीर पक्षी मध प्यायला येताना शेजारच्या केशरी झाडांचे परागकण घेऊन येतो, त्यामुळे रोपं केशरी निघू शकतात. शेंगा मात्र जपून ठेवा, त्या आम्हाला हव्यात.

११. सावजी मसाल्यातलं दगडफूल हे फूल आहे की बुरशी?

बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार, म्हणजे शैवाक. बुरशी घर देते, शैवाल उन्हात अन्न शिजवतं. १८६७ साली श्वेंडनर या स्विस अभ्यासकाने हे सांगितलं तेव्हा बऱ्याच जणांनी त्याची थट्टा केली होती. बाजारातलं दगडफूल मुख्यतः डोंगराळ, दमट भागातून येतं. आपल्याकडे चिखलदऱ्याला झाडांच्या सालीवर ते दिसेल, पण गोळा करून विकायचा विचार करू नका. वर्षाला ते काही मिलिमीटर वाढतं. एका पिशवीत किती वर्षं भरली जातात याचा हिशेब करा. धुराच्या, गंधकाच्या हवेत ते मरतं, म्हणून औष्णिक वीज केंद्रांच्या आसपास ते आहे की नाही, याचा अभ्यास हवेची तब्येत कळायला उपयोगी पडतो.

१२. संत्र्यावर कोळशी आली. कोणतं बुरशीनाशक मारू? आणि खोडातून डिंक गळतो त्याचं काय?

आम्ही फवारणीच्या औषधाची मात्रा सांगत नाही, ते काम कृषी विज्ञान केंद्राचं. रोग समजून घ्यायला मात्र मदत करतो, कारण इथे खर्च चुकीच्या जागी होतो.

कोळशीची काळी बुरशी पानात शिरतच नाही. बोटाने पुसा, निघते. काळी माशी पानातला रस पिते, गोड चिकटा टाकते, आणि त्या चिकट्यावर बुरशी वाढते. पान झाकलं जातं, ऊन मिळत नाही, झाड खंगतं. नुसतं बुरशीनाशक मारणं म्हणजे सांडलेला गूळ तसाच ठेवून मुंग्या झाडणं. बंदोबस्त माशीचा करा.

डिंक्या याउलट आत शिरतो. त्याचा कर्ता फायटोफ्थोरा, आणि तो खरा बुरशीही नाही. नात्याने तो तपकिरी शैवालांना जवळचा आहे, आणि त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात. म्हणून बुंध्याला पाणी लागलं की तो आलाच. दुहेरी आळं करून पाणी बुंध्यापासून दूर ठेवा, कलमाचा जोड मातीत गाडू नका, आणि पावसाळ्याआधी व नंतर खोडाला बोर्डो मलम लावा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. वरुड-मोर्शीकडचे जुने बागाइतदार हे आमच्यापेक्षा चांगलं सांगतील.

१३. तूर भर फुलात उभी वाळते. पाणी देऊनही उपयोग नाही.

खोड उभं चिरून पाहा. आत काळपट-तपकिरी रेघा असतील तर तो मर रोग, फ्युजेरियम उडम. १९१० साली बटलरने भारतातूनच त्याचं वर्णन केलं. ही बुरशी पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करते, म्हणून पाणी देऊन फरक पडत नाही. ती मातीत काही वर्षं टिकते. ज्वारीत तूर घेतली की मर कमी होते, हे प्रयोगांनी दाखवलेलं आहे, आणि आपल्याकडे आजोबा तेच करत होते. ज्वारी गेली, सोयाबीन आलं, आणि मर वाढल्याच्या तक्रारीही. रोगप्रतिकारक वाणांसाठी कृषी विद्यापीठाकडे विचारा.

१४. कटांग फुलला. म्हातारे म्हणतात दुष्काळ पडेल. खरं आहे का?

म्हातारे निम्मे बरोबर आहेत. कटांग म्हणजे काटेरी बांबू, बांबुसा बांबोस, साधारण चाळीस ते पन्नास वर्षांनी एकदाच फुलतो. एका वेळी बियाणं पडलेली बेटं एकदमच फुलतात, बी टाकतात आणि मरतात. बी तांदळासारखं, खाण्याजोगं. खाली त्याचा थर पडतो आणि उंदरांची चैन होते. भरपूर खाणं म्हणजे भरपूर पिल्लं. पावसात उरलेलं बी उगवून संपतं, तेव्हा तीच फौज धानाकडे वळते. मिझोराममध्ये १९५९ साली असाच दुष्काळ पडला, तिथला बांबू वेगळा, मेलोकॅना नावाचा, अठ्ठेचाळीस वर्षांनी फुलणारा. म्हणजे फुलण्यात अपशकुन नाही, उंदरांत आहे. आपल्याकडे इतर पिकं, रस्ते, रेशन आहे, तेव्हा तसा प्रसंग येण्याची भीती कमी. पण कोठ्या बंद ठेवा.

याहून मोठी काळजी वणव्याची. मेलेला बांबू म्हणजे सुकं सरपण. बी पडल्यावर पहिली काही वर्षं त्या जागेत आग आणि गुरं जाऊ दिली नाहीत तर रोपांनी रान भरून येतं. आग गेली तर पुढच्या पिढीला वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, कुठून खायला मिळतील?

साधा बांबू, डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस, याचा हिशेब इतका नेमका नाही. त्याचं चक्र जागेप्रमाणे बरंच कमीजास्त होतं, आणि सुटी बेटंही मधूनच फुलतात. एक बेट फुललं म्हणून घाबरून सगळं तोडू नका. फुललेल्या बेटाची तारीख आणि जागा मात्र कळवा. चाळीस वर्षांनी ती नोंद कुणाच्या तरी कामी येईल, तेव्हा आम्ही इथे नसू.

१५. लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं, ती बुरशी होती का?

नाही, शैवालही नाही. जून २०२० मध्ये पाणी उतरलं, खारटपणा वाढला आणि हॅलोआर्किया नावाचे मीठप्रेमी सूक्ष्मजीव फोफावले. त्यांचं रंगद्रव्य गुलाबी असतं. पाऊस पडल्यावर रंग ओसरला.

१६. मधुमेहावर, कावीळवर, सापावर कोणती वनस्पती घ्यावी?

औषध सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही आणि आम्ही सांगतही नाही. साप चावला तर प्रतिविषाशिवाय इलाज नाही, वेळ घालवू नका.

ओळखीबद्दल दोन गोष्टी मात्र सांगतोच. गुळवेलीच्या नावाखाली तिच्या भावंडांचे वेल विकले जातात. पानाखाली मऊ लव असेल तर तो दुसरा वेल. खोडावर ठळक गाठी-मोड असतील तर तिसरा. आणि कळलावी, सुंदर लाल-पिवळ्या फुलांची, हिच्या कंदात कोल्चिसीन असतं. बाळंतपणात तो वापरायची जुनी पद्धत बायांच्या जिवावर उठलेली आहे. कुंपणावरच्या मोगली एरंडाच्या बिया पोरं शेंगदाण्यासारख्या खातात आणि आजारी पडतात. शाळेजवळ ते कुंपण असेल तर गुरुजींच्या कानावर घाला.

१७. माझे आजोबा वैदू आहेत. त्यांनी माहिती दिली तर तुम्ही पेटंट घ्याल. का सांगावी?

शंका रास्त आहे. हळदीने जखम भरते हे घराघरात माहीत असताना १९९५ साली अमेरिकेत त्यावर पेटंट दिलं गेलं. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने लेख पुढे केले आणि १९९७ साली ते रद्द झालं. लिखित पुरावा होता म्हणून जमलं. आजोबांचं ज्ञान नुसतं तोंडी असेल तर असा पुरावा नसतो.

जैवविविधता अधिनियम, २००२ प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेत समिती असते आणि ती लोकजैवविविधता नोंदवही करते. राज्याच्या मंडळाचं कार्यालय नागपूरलाच आहे. आधी त्या नोंदवहीत आजोबांच्या नावाने नोंद होऊ द्या, मग आमच्याकडे या. आजोबांना एखादी गोष्ट सांगायची नसेल तर सांगू नये. आम्ही आग्रह करणार नाही, आणि कुणी आग्रह केला तर तो करणारा आमचा माणूस नाही असं समजा. वैदूंच्या नेहमीच्या उपचाराला हा कायदा आडवा येत नाही.

श्रेय कसं सुटतं आणि कसं टिकतं याचं उदाहरण आपल्याच मातीत आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली पटेल ३ धानाच्या बांधीत तीन वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी बी राखलं, वेगळं लावलं, निवडत गेले, आणि त्यातून एचएमटी झालं, घड्याळाच्या नावावरून. आज कुणीही ते नाव घेतं, आणि घेणाऱ्या दहातल्या आठांना दादाजी माहीत नसतात. शेतकऱ्याला आपलं वाण आता २००१ च्या कायद्याने स्वतःच्या नावावर नोंदवता येतं. तुमच्याकडे जुनं धान, जुनी ज्वारी, जुनी लाखोळी असेल तर आम्हाला देण्याआधी ती नोंदणी करा. अर्ज भरायला आम्ही बसतो.

१८. जंगलातून नमुना आणायला परवानगी लागते का?

स्वतःच्या वावरातून, धुऱ्यावरून नाही. अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्प, म्हणजे ताडोबा, मेळघाट वगैरे, इथून लेखी परवानगीशिवाय पानही उचलू नका, आमच्यासाठी तर मुळीच नाही. ज्या गावांकडे सामूहिक वनहक्क आहे, २००९ साली तो मिळवणाऱ्या मेंढा-लेखासारखी, तिथे आम्ही आधी ग्रामसभेत जाऊन विचारतो. ग्रामसभेने दोनदा आम्हाला पुढच्या बैठकीला या म्हणून परत पाठवलं आहे. गेलो.

१९. मी नवी जात शोधली तर तिला माझं नाव देता येईल का?

स्वतःच्या नावाने नाव ठेवायला नियम आडवा येत नाही, पण ते शिष्टाचारात बसत नाही. दुसऱ्याने तुमच्या नावाने ठेवावं, किंवा तुम्ही गावाच्या नावाने ठेवावं. त्याआधी वर्णन लॅटिन किंवा इंग्रजीत प्रसिद्ध व्हावं लागतं (१ जानेवारी २०१२ पासून इंग्रजी चालते), मूळ नमुना मान्य संग्रहात ठेवावा लागतो, आणि बुरशी असेल तर १ जानेवारी २०१३ पासून नोंदणी क्रमांकही लागतो. आजकाल जनुकीय तुकडाही वाचतात, बुरशीत आयटीएस हा. एवढं करून बहुतेक वेळा ती जात जुनीच निघते. पण जुनी जात विदर्भात पहिल्यांदा सापडली, हीसुद्धा नोंद आहे, आणि ती आम्ही तुमच्या नावासकट छापतो.

२०. विहीर खणताना दगड झालेलं लाकूड सापडलं. ते खरंच लाकूड आहे का?

शक्य आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या भागात लाव्हाचे थर एकावर एक पसरत होते. दोन थरांच्या मधल्या काळात तळी साचली, झाडं वाढली, आणि सिलिकाच्या पाण्याने त्यांचा दगड झाला. वर्धा जिल्ह्यातलं नवरगाव आणि शेजारच्या छिंदवाड्यातलं मोहगाव कलान ही त्यासाठी अभ्यासकांची ओळखीची ठिकाणं. मोहगावच्या जीवाश्मांवर बिरबल साहनींनी काम केलं आहे. गडचिरोलीत सिरोंच्याजवळ वडधमला याहून जुनं, डायनासोरांच्या काळातलं लाकूड आहे.

आडवा तुकडा भिंगाखाली धरा. ठिपके ठिपके दिसले तर ते ताडाच्या कुळातलं, आणि आपल्याकडे तेच जास्त मिळतं. काहीच रचना दिसत नसेल तर गारगोटी. फोडून पाहू नका. विकू तर नकाच.

२१. दोन वर्षांपूर्वी तुम्ही दिलेलं नाव आता दुसरंच सांगताय. मग आधीचं चुकलं होतं का?

कधी चुकलेलं असतं, कधी नाव बदललेलं असतं (प्रश्न ९). चूक असेल तर आम्ही जुनी चिठ्ठी फाडत नाही. तिच्याशेजारी नवी चिकटवतो, तारीख आणि ओळखणाऱ्याचं नाव घालून. काही नमुन्यांवर अशा तीन चिठ्ठ्या आहेत, त्यातली एक माझ्या चुकीची. तुमच्या नमुन्याचा क्रमांक पावतीवर आहे. तो घेऊन या, कागद काढून दाखवतो.